सामाईक पायवाटेवर सायकल चालवताना वाट कशी द्यायची

वाट देणं कशाला म्हणायचं, याचं माझं माप ठरलेलं आहे. तुम्ही सायकलवरून एखाद्याच्या जवळून गेलात आणि त्या माणसाला काहीही करावं लागलं नाही, तर तुम्ही वाट दिलीत. त्याला बाजूला उडी मारावी लागली नाही, पोराचा हात खसकन ओढावा लागला नाही, कुत्र्याचा पट्टा आवळावा लागला नाही, छातीत धस्स झालं नाही. वेग जरासा कमी केला, हात वर केला, ‘सॉरी’ म्हटलं आणि पुढे निघून गेलो, याला मी वाट देणं म्हणत नाही. तिथे वाट समोरच्याने दिलेली असते आणि आपण ती घेतलेली असते.

मी माउंटन बाइक चालवते आणि तितक्याच आवडीने डोंगरात चालतेही. चालताना पुष्कळदा बाबा सोबत असतात. त्यांच्या एका कानाने अजिबात ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कानात यंत्र आहे. ते हळू चालतात, पण न दमता चालतात आणि त्यांना डोंगर मनापासून हवा असतो. मागून भरधाव आलेली एक सायकल त्यांचा तो दिवस संपवू शकते, आणि त्यासाठी धडक बसायची गरज नसते. नव्याने सायकल घेऊन डोंगरात येणाऱ्यांना मी जे सांगते, ते इथे सविस्तर लिहिते आहे. चालणाऱ्यांसाठीही यात काही गोष्टी आहेत, पण कमी. दोघांची जबाबदारी सारखी नाही आणि ती सारखी आहे असं मी म्हणणार नाही.

आधी वाट कुणाची ते बघा

सामाईक वाटांवरचा सर्वमान्य क्रम सोपा आहे. सायकलस्वाराने चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला, दोघांनाही वाट द्यायची. चालणाऱ्याने घोडेस्वाराला द्यायची. अनेक ठिकाणी वाटेच्या तोंडाशी बाणांचा त्रिकोण असलेली पाटी दिसते, ती हेच सांगते. 1988 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनच्या नियमांतही सायकलस्वाराने इतर सगळ्यांना वाट द्यावी असंच आहे. हा क्रम चालणाऱ्यांनी आपल्यावर लादला अशी तक्रार मी सायकलवाल्यांकडून ऐकते, तेव्हा त्यांना हे आवर्जून सांगते, की तो आपल्याच संघटनेने मान्य केलेला आहे. अपवाद फक्त सायकलसाठी, एकाच दिशेसाठी किंवा फक्त उतरण्यासाठी राखलेल्या वाटांचा, तोही पाटीवर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तेव्हाच.

कायदा मात्र जागेप्रमाणे बदलतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1968 च्या कंट्रीसाइड ॲक्टने सायकलला ब्रिडलवेवर, म्हणजे घोड्यांसाठीच्या वाटांवर जायचा हक्क दिला आणि त्याच कलमात पायी व घोड्यावरून जाणाऱ्यांना वाट देण्याची अट घातली. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या लँड रिफॉर्म कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने वावरण्याचा हक्क दिला, जसा चालणाऱ्याला तसा सायकलस्वाराला. अमेरिकेत 1964 च्या वाइल्डरनेस ॲक्टखाली राखलेल्या प्रदेशांत सायकलला प्रवेशच नाही. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात जंगलातल्या दोन मीटरपेक्षा अरुंद वाटांवर, खास परवानगी नसेल तर, सायकल चालवता येत नाही. तेव्हा निघण्याआधी त्या वाटेचा नियम शोधा, आणि तिथे पोहोचल्यावर पाटी पुन्हा वाचा, कारण पाऊस, वणवा, पक्ष्यांचा विणीचा काळ अशा कारणांनी वाटा तात्पुरत्या बंद होतात. बंदी असलेल्या वाटेवर तुम्ही कितीही सभ्यपणे सायकल चालवा, भांडणाची सुरुवात तुम्हीच केलेली असते.

वेगाचं गणित माणूस दिसण्याआधीच करायचं

नवीन सायकलस्वार मला विचारतात, ‘माणूस दिसला की किती हळू व्हायचं?’ प्रश्न उशिराचा आहे. दिसल्यावर जे होतं ते हातात फारसं नसतं. जे ठरवायचं ते वळणाआधी.

हा हिशेब एकदा करून ठेवा. डोळ्यांनी पाहिलं, डोक्यात शिरलं, बोटांनी ब्रेक दाबला, यात साधारण एक सेकंद जातो. ताशी 20 किलोमीटर वेगाने त्या सेकंदात तुम्ही साडेपाच मीटर पुढे गेलेले असता. सुट्या खडीवर किंवा मुरमावर चाक न घसरवता थांबायला त्यानंतर आणखी साडेचार मीटर तरी लागतात. झाले दहा मीटर. ताशी 30 ला हेच अंतर अठरा मीटरच्या आसपास जातं. ताशी 10 ला मात्र जेमतेम चार मीटर. वेग तिप्पट झाला की थांबायचं अंतर साडेचार पट होतं. ओली पानं, मुळं किंवा तीव्र उतार असेल तर हे आकडे आणखी वाढतात.

आता एखाद्या झुडपांच्या वळणावर जाऊन उभे राहा आणि पावलं मोजा. पुढची वाट किती दिसते? बऱ्याच वळणांवर सात-आठ मीटरच दिसते. म्हणजे ताशी 20 ने त्या वळणावर शिरणारा माणूस, पलीकडे कुणी असेल तर थांबूच शकत नाही, त्याचे ब्रेक कितीही महागडे असोत. शिवाय समोरचाही चालत तुमच्याकडेच येत असतो, किंवा तोही सायकलवर असतो. म्हणून नियम असा धरा: जेवढी वाट दिसते तिच्या निम्म्या अंतरात थांबता आलं पाहिजे. हा नियम पाळला की वळणाआधी वेग आपोआप माणसाच्या चालीवर येतो. मोकळ्या, दूरवर दिसणाऱ्या पट्ट्यात पुन्हा सोडा ना सायकल, तिथे कुणाचं काही बिघडत नाही. उतरण्याचा आनंद मलाही प्रिय आहे. तो कुठे घ्यायचा एवढंच ठरवायचं असतं.

कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, माउंट टॅमलपाइसच्या परिसरात, 1970 च्या दशकात जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन उतरण्याची टूम सुरू झाली. 1976 पासून तिथे जवळच्याच एका उतारावर ‘रिपॅक’ शर्यती झाल्या, आणि आजच्या माउंटन बाइकची मुळं तिथे आहेत असं मानलं जातं. चालणारे आणि सायकलस्वार यांच्यातल्या सुरुवातीच्या मोठ्या वादांची जागाही तीच. त्या डोंगरावर पुढे वेगमर्यादा आली: ताशी 15 मैल, म्हणजे सुमारे 24 किलोमीटर, आणि वळणावर किंवा कुणाच्या जवळून जाताना ताशी 5 मैल, म्हणजे 8 किलोमीटर. हा दुसरा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ताशी 8 म्हणजे झपझप चालणाऱ्यापेक्षा थोडासाच जास्त. कुणाच्या जवळून जायचा वेग तोच.

मागून येताना

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या असतात आणि त्या खऱ्या असतात. समोरून येणारा निदान दिसतो. मागून येणारी सायकल जवळजवळ आवाज न करता येते आणि तुमच्या कोपराजवळ अचानक हजर होते.

पहिली गोष्ट, आवाज लवकर द्या. वीस-तीस मीटरवरून दिला तर माणूस मान वळवून बघतो, सोबतच्यांना सांगतो, बाजूला व्हायचं की नाही ते सावकाश ठरवतो. पाच मीटरवरून दिला तर तो दचकतो, आणि दचकलेला माणूस कोणत्या बाजूला जाईल सांगता येत नाही.

दुसरी, बाजूचं नाव ओरडू नका. ‘डावीकडून!’ असं ऐकलं की निम्मी माणसं डावीकडेच सरकतात. शब्द कानावर पडतो, त्याचा अर्थ लागायच्या आत पाय हलतात. त्याऐवजी मी म्हणते, ‘नमस्कार, मागे सायकल आहे, घाई नाही.’ यात माहिती आहे आणि धीर आहे, हुकूम नाही. मग मी त्यांच्या मागे त्यांच्याच चालीने येत राहते. त्यांनी वळून पाहिलं, जागा दिली किंवा पुढे व्हा म्हणून खूण केली, की ताशी 8 च्या वेगाने पुढे, आणि पुढे होताना आभार. कधी दोन मिनिटं मागे राहावं लागतं. राहायचं.

घंटीबद्दल दोन मतं आहेत. अनेक चालणाऱ्यांना ‘ट्रिंग’ म्हणजे ‘हटा’ असं वाटतं, आणि जवळ येऊन वाजवली तर ती तशीच असते. लांबून, हलकेच वाजवलेली घंटी मात्र माणसाच्या हाकेपेक्षा सौम्य वाटते. याहून चांगली म्हणजे हँडलला लावायची, धक्क्यांबरोबर आपोआप वाजत राहणारी छोटी घंटी. उतरताना चालू करायची, चढताना खटका दाबून बंद. तिच्यामुळे वळणापलीकडच्यांनाही तुम्ही येताय हे आधी कळतं, आणि वाटेवरच्या जनावरांनाही. पण घंटी लावली म्हणून वेगाचा हिशेब माफ होत नाही. घंटी वाजत होती ना, असं म्हणत वळणावर सुसाट शिरणारे मी पाहिले आहेत.

तिसरी गोष्ट बाबांमुळे मला कळली आहे. हाक मारली, उत्तर आलं नाही, तर तो माणूस मुद्दाम अडवतोय असं समजू नका. त्याला ऐकू येत नसेल. कानात यंत्र असेल तर वारा सुटल्यावर त्यात नुसती घरघर ऐकू येते. एका कानाने ऐकणाऱ्याला आवाज आला हे कळतं, पण कुठून आला हे कळत नाही, म्हणून तो आधी भलत्याच दिशेला बघतो. अशा वेळी आवाज चढवू नका. सायकलवरून उतरा, चालत जा, आणि वाट रुंद होईल तिथे त्याच्या नजरेच्या टप्प्यात येऊन मग पुढे व्हा. एकदा एका मुलीने बाबांच्या मागे असंच बराच वेळ सायकल हातात धरून चालत काढलं, आणि रुंद जागा आल्यावर समोर येऊन हसून हात केला. बाबा पुढे कितीतरी वेळ तिच्याबद्दलच बोलत होते.

समोरून येताना, अरुंद वाटेवर

आजच्या माउंटन बाइकचा हँडलबार साधारण 74 ते 80 सेंटिमीटर रुंद असतो. कितीतरी पायवाटा मीटरभरही रुंद नसतात. म्हणजे सायकल चालती ठेवून तिथून दोघं जाऊ शकत नाहीत, हे मोजमापानेच ठरलेलं आहे. थांबायचं तुम्ही.

थांबायचं म्हणजे एक पाय जमिनीवर टेकवायचा. पेडलवर उभं राहून तोल सावरत डुलत राहणं हे थांबणं नाही. समोरच्याला तुम्ही कोणत्याही क्षणी निघाल असंच दिसतं. पाय टेकला की त्याचे खांदे सैल पडतात, हे तुम्हाला दिसेलही.

एका बाजूला दरी आणि दुसऱ्या बाजूला डोंगर असेल तर चालणाऱ्याला डोंगराची बाजू द्या. सायकल उचलून दरीच्या बाजूला, वाटेच्या अगदी कडेला घ्या आणि तिथे पाय रोवून उभे राहा. कड ठिसूळ असेल तर हा नियम सोडा: डोंगराच्या भिंतीला चिकटून सायकल मागच्या चाकावर उभी धरा, म्हणजे हँडल आडवं येत नाही, आणि समोरच्याला आधी पुढे सुरक्षित जागेपर्यंत येऊ द्या किंवा स्वतः मागे जा. मागे जायला लाज वाटून घेऊ नये. दोघांनी बोलून ठरवावं: ‘मी इथे थांबते, तुम्ही आतल्या बाजूने या.’ दहा शब्दांनी पुढचा सगळा गोंधळ टळतो.

वाटेच्या कडेला थांबा, बाहेर झाडोऱ्यात शिरू नका. प्रत्येकाने थोडं बाहेरून जायचं ठरवलं की वाट दरवर्षी रुंद होत जाते आणि मग तिला फाटे फुटतात.

चढणाऱ्या सायकलचं काय? दोन सायकली समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची. चढावर थांबलेली सायकल पुन्हा सुरू करणं कठीण असतं आणि उतरणाऱ्याला खालचं जास्त दिसतं. समोर चालणारा असेल तर मात्र चढणारा सायकलस्वारही थांबतो. बरेच चालणारे आपणहून बाजूला होतात, ‘या, या, चढत राहा’ म्हणतात. त्याचा मनापासून स्वीकार करा, आभार माना, आणि ते तुमच्या हक्काचं नव्हतं हे ध्यानात ठेवा. जोरजोरात धापा टाकत, नजर न देता, ते हटतीलच असं धरून चढत राहणं हा दबाव आहे.

विजेवर चालणाऱ्या माउंटन बाइकने यात एक नवी अडचण आणली आहे. युरोपीय संघात अशा सायकलला 250 वॅटपर्यंतची मोटार आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंतच मदत अशी मर्यादा आहे, पण चढावर ताशी 15 सुद्धा चालणाऱ्याला अनपेक्षित असतात. चढणारी सायकल हळू येते अशी सगळ्यांची वर्षानुवर्षांची सवय. ई-बाइक चालवत असाल तर चढतानाही उतरताना वागाल तसंच वागा.

चालणाऱ्यांनी काय करावं

थोडंच. वाटेची पूर्ण रुंदी व्यापून गप्पा मारत चालू नका. दोन्ही कानांत इयरफोन नकोत. बाजूला व्हायचं ठरवलंत तर सगळा गट एकाच बाजूला व्हा. आई एका कडेला, मूल दुसऱ्या कडेला, ही सगळ्यात धोक्याची मांडणी, कारण शेवटच्या क्षणी मूल आईकडे धावतं. ट्रेकिंग पोल शरीराजवळ घ्या, टोक बाहेर काढून उभं राहू नका. लांब होत जाणाऱ्या बारीक दोरीचा कुत्र्याचा पट्टा वाटेवर आडवा पसरला की सायकलवरून तो दिसत नाही. सामाईक वाटेवर आखूड पट्टा वापरा. आणि सायकलस्वार थांबला तर एक शब्द बोला. नीट वागणाऱ्याला ते कळलं पाहिजे.

घोडा दिसला तर

इथे दोघांचंही काम सारखंच. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. त्याला भीती वाटली की तो आधी पळतो. हेल्मेट-चष्मा घातलेला, चाकांवर बसलेला, न बोलणारा आकार त्याला माणूस वाटत नाही. लांबच थांबा, सायकलवरून उतरा, साध्या आवाजात घोडेस्वाराशी बोला, बोलत राहा. आवाजावरून घोड्याला कळतं की हा माणूस आहे. उताराची वाट असेल तर शक्य तिथे घोड्याच्या खालच्या बाजूला उभे राहा, वरून काहीतरी झेप घेईल असं त्याला वाटू नये म्हणून. झुडपामागे लपून जागा देऊ नका, तिथून अचानक दिसलात तर घोडा उधळतो. कोण कुठून जाणार हे घोडेस्वाराला विचारा, तो सांगेल तसं करा.

गटाने जात असाल तर

पहिल्या सायकलने पुढे होताना सांगायचं: ‘माझ्या मागे अजून तिघं आहेत.’ शेवटच्याने सांगायचं: ‘मी शेवटची.’ हे वाचायला किरकोळ वाटेल, पण पहिली सायकल गेली की लोक पुन्हा वाटेवर येतात, आणि दुसरी सायकल नेमकी तेव्हाच येऊन ठेपते. पुढचा थांबला, बोलला, सभ्य वागला, म्हणून मागच्यांची सुटका नाही. प्रत्येकाने त्या माणसाजवळून जाताना स्वतःचा वेग कमी करायचा. मोठा गट घेऊन गर्दीच्या वाटेवर जाऊच नये असं माझं मत आहे. सहापेक्षा जास्त असाल तर दोन गट करा आणि मध्ये चांगलं अंतर ठेवा. विश्रांतीला थांबाल तेव्हा सायकली वाटेवर आडव्या टाकू नका. वाटांच्या चौकात थांबू नका, थोडं पुढे जाऊन रुंद जागी थांबा.

चिखल आणि घसरलेली चाकं

चालणाऱ्यांचा राग नुसत्या भीतीपोटी नसतो. ज्या वाटेवर त्यांनी वर्षानुवर्षं पाय टाकले तिच्यावर खोल चाकोऱ्या दिसल्या की त्यांना वाईट वाटतं, आणि ते रास्त आहे. 1994 साली अमेरिकेतल्या मोंटानामध्ये झालेल्या एका अभ्यासात टापा आणि पाय यांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी केली असं दिसलं होतं, विशेषतः वाट ओली असताना. सायकलवाले हा मुद्दा वादात वापरतात. मी वापरत नाही. मागचं चाक लॉक करून घसरत नेलं तर उतारावर सरळ एक चर तयार होतो आणि पुढच्या पावसात पाणी त्यातूनच धावतं. हे टाळणं आपल्या बोटांत आहे. पुढचा ब्रेक वापरायला शिका, वजन मागे घेऊन दोन्ही ब्रेक आधीपासून हलके दाबत या. घसरून वळणं हे कौशल्य नाही, वाटेचं नुकसान आहे.

चाकाची खूण चिखलात स्पष्ट उमटत असेल तर परत फिरा. हाच नियम चालणाऱ्यांनाही, बुटाचा ठसा खोल उठायला लागला की. मध्येच एखादं डबकं लागलं तर त्याच्या मधून जा, कडेने नको.

वाद झालाच तर

पुष्कळ पाहण्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली आहे: चालणाऱ्यांना सायकलस्वारांचा जितका त्रास वाटतो तितका सायकलस्वारांना चालणाऱ्यांचा वाटत नाही. संघर्ष एकतर्फी असतो. म्हणून सायकलस्वाराला खरोखरच वाटतं की सगळं ठीक चाललं आहे, आणि कुणी ओरडलं की तो चक्रावतो. ‘मी तर धक्काही लावला नाही!’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की मीच मध्ये पडते. धक्का लागला नाही हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं. ओरडणाऱ्या बाईंना माहीत नव्हतं. सायकल कोपरापासून हातभर अंतरावर येईपर्यंत त्यांना वाटत होतं की आता आपण पडणार.

कुणी ओरडलं तर थांबा. पुढे निघून जाणं हा सगळ्यात वाईट पर्याय, कारण तो राग पुढच्या सायकलस्वारावर निघतो. पाय टेकवा, गॉगल काढा, डोळे दिसू द्या. समोरच्याचं पूर्ण होऊ द्या. मग एवढंच: ‘तुम्ही घाबरलात. माझ्यामुळे. माफ करा.’ ‘पण’ लावू नका. ब्रेक किती चांगले आहेत, तुमचं नियंत्रण किती होतं, हे त्या वेळी सांगायचं नसतं. समोरचा चुकीचा असला तरी, म्हणजे वाट सायकलला खुली आहे आणि तो बंदी आहे म्हणतोय, तर एकदा शांतपणे सांगा की पाटीवर परवानगी आहे, आणि निघा. तिथे खटला चालवू नका. मोबाइल काढून चित्रण सुरू केलं की माणूस आणखी भडकतो. मारहाणीची धमकी असेल तेव्हाच ते करा.

चालणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. ‘तुम्ही सायकलवाले’ अशी सुरुवात करू नका. काय झालं ते सांगा: ‘वळणावरून एकदम आलात, मुलगा घाबरला.’ याचं उत्तर माणूस देऊ शकतो. आणि संतापाच्या भरात पोल आडवा धरू नका, हँडलला हात घालू नका. ताशी 15 ने येणाऱ्या माणसाचं त्याने मनगट मोडू शकतं, मानही.

एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा वाद होत असतील तर तिथल्या माणसांपेक्षा त्या जागेकडे बघा. बहुतेक वेळा सरळ, तीव्र उतार संपतो तिथेच आंधळं वळण असतं. उताराच्या शेवटी दगड ठेवून वाट जरा नागमोडी केली, एखादा लहान उंचवटा दिला की वेग आपसूक उतरतो. वळणावरची फांदी छाटली की दहा मीटर जास्त दिसतात. हे स्वतःच्या मनाने करू नका. वाट सांभाळणाऱ्या खात्याला किंवा मंडळाला जागा दाखवा आणि त्यांच्या कामाच्या दिवशी फावडं घेऊन जा. सायकलस्वार आणि चालणारे एकत्र दगड रचतात तेव्हा जी ओळख होते, ती पुढे वाटेवर कामी येते. ॲपवरच्या चढाओढीने एखाद्या पट्ट्यावर लोक सुसाट सुटत असतील, तर स्ट्राव्हावर, म्हणजे सायकलस्वारांच्या वेळा नोंदवून त्यांची क्रमवारी लावणाऱ्या ॲपवर, तो पट्टा धोकादायक म्हणून नोंदवता येतो, आणि मग तिथली क्रमवारी दिसेनाशी होते. एवढ्याने फरक पडतो.

वेळ वाटून घेणं हाही मार्ग आहे. अमेरिकेत युटा राज्यामधल्या मिलक्रीक कॅन्यन या दरीच्या वरच्या भागात सायकली सम तारखांनाच जातात आणि विषम तारखांना कुत्री मोकळी सोडता येतात. तिथल्याच टाहो तळ्याभोवतीच्या टाहो रिम ट्रेल या लांब पायवाटेच्या एका पट्ट्यावरही सायकलला सम तारखाच आहेत. नियम कुणालाही पाठ होण्याइतका सोपा. ज्याला शांतता हवी तो विषम दिवशी येतो, ज्याला सायकल हवी तो सम दिवशी. असा नियम नसला तरी तुम्ही स्वतःपुरता करू शकता: सुट्टीच्या दिवशी सकाळी, कुटुंबं बाहेर पडतात त्या वेळी, लाडकी उतरण सोडून द्या. ती आठवड्याच्या मधल्या दिवशी करा.

वाटेवर सापळा आढळला तर

हे क्वचितच घडतं, पण घडतं. सायकलस्वारांवर राग काढायला कुणी वाटेवर गळ्याच्या उंचीला तार बांधतं, वळणापलीकडे ओंडका टाकतं, खिळे ठोकलेली फळी मातीत पुरतं. हा गुन्हा आहे, आणि त्यात लहान मूल, घोडा, पळणारा माणूस, कुणीही जखमी होऊ शकतं. पडलेल्या झाडात आणि मुद्दाम ठेवलेल्या ओंडक्यात फरक ओळखा: तोडलेली टोकं, ओढत आणल्याच्या खुणा, आजूबाजूला तशा जातीचं झाड नसणं. सापडल्यावर आधी दोन्ही बाजूंना थोडं वर-खाली जाऊन कुणी येत नाही ना ते बघा, सोबत कुणी असेल तर त्याला वरच्या बाजूला उभं करा. हात लावण्याआधी फोटो काढा, एक जवळून आणि एक आजूबाजूची ओळख पटेल असा, नकाशावरची नेमकी जागा आणि वेळ नोंदवा. धोका टाळण्यासाठी तार काढावीच लागली तर ती फेकून देऊ नका, जपून ठेवा. मग पोलिसांना आणि वाट सांभाळणाऱ्यांना, दोघांनाही कळवा. पुढची वाट चालतच जा, सायकल हातात धरून, कारण सापळा एकच असेल याची खात्री नसते, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला, पायी असो की सायकलवर, थांबवून जागा सांगत जा.